अमेरिकेत मेडिकलला जायचं तर बॅचलर्सला बायोलॉजीच मेजर (मुख्य विषय) घ्यावं लागतं का?

नाही. ‘प्री-मेड’ ही डिग्री नसते, नुसती तयारी असते. माझ्या भाचीने इतिहास मेजर घेतला. सोबत बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स लॅबसकट आणि बायोकेमिस्ट्री उरकली. घाम काढते ती ऑरगॅनिक केमिस्ट्री. तिच्या फ्रिजवर वर्षभर रिअ‍ॅक्शनच्या चिठ्ठ्या. दुधासाठी दार उघडलं की दोन गळून पडायच्या! मेडिकलची प्रवेश परीक्षा एमकॅट, ब्रेकसकट साडेसात तासांची, गुण ४७२ ते ५२८. डेंटलला डॅट ही प्रवेश परीक्षा, त्यात भोकं पाडलेल्या कागदाच्या घड्या मनातल्या मनात उलगडायच्या असतात, सवय लागायला वेळ लागतो. अर्ज प्रवेशाच्या वर्षभर आधी, जूनमध्येच टाका. आणि हो, एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर असाल तर आधी कॉलेजांचे नियम बघा. बरीच कॉलेजं परदेशी विद्यार्थी घेतच नाहीत.