लाल चट्टा, स्पिरिट आणि कूस

प्रश्न : सासूबाईंना पक्षाघात होऊन दीड महिना झाला, उजवी बाजू हलत नाही. परवा पुसताना माकडहाडावर लाल चट्टा दिसला. शेजारच्या काकू म्हणतात, स्पिरिट लावून पावडरने चोळ. आम्ही एअर बेड आणलाय, तरी दर दोन तासांनी कूस बदलायला हवी का? रात्री फार ओढाताण होते.
– एक वाचक, कराड

उत्तर : ताई, आधी चोळणं थांबवा. काकूंची चूक नाही. आम्हालाही नर्सिंगला तेच शिकवलं होतं. स्पिरिटची बाटली नि पावडरचा डबा ट्रॉलीवर ठेवून मी वर्षानुवर्षं वॉर्डभर फिरले आहे. पण लाल झालेल्या जागेच्या आतल्या बारीक रक्तवाहिन्या आधीच दुखावलेल्या असतात. चोळल्याने इजा वाढते, स्पिरिटने कातडी कोरडी पडते.

आता त्या चट्ट्यावर बोट दाबा, तीन आकडे मोजा, सोडा. पांढरा पडून परत लाल झाला, तर रक्त फिरतंय. भार काढला की बहुतेक उतरेल. दाबूनही लालच राहिला, तर तो बेडसोअरचा, म्हणजे सतत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेचा, पहिला टप्पा. सावळ्या अंगावर लाली लपते, म्हणून हात लावूनही बघा : शेजारच्या कातडीपेक्षा गरम, टणक किंवा लिबलिबीत लागतंय का?

एअर बेड असला तरी कूस बदलावीच लागते. चांगल्या गादीवर किती वेळाने बदलायची, हे त्यांची कातडी बघून डॉक्टर किंवा नर्स ठरवून देतील, कदाचित रात्री तुम्हाला थोडी झोपही मिळेल. चट्टा आहे तोवर मात्र दोन तासच धरा. पूर्ण कुशीवर वळवू नका, खुब्याच्या हाडावर भार येतो. पाठीमागे उशी लावून साधारण 30 अंश कलतं ठेवा आणि माकडहाड गादीला टेकत नाही ना, ते हात घालून बघा. लुळा हात अंगाखाली अडकू देऊ नका. वर सरकवताना काखेत धरून ओढू नका. खाली दुमडलेली चादर घालून दोघांनी उचला. अंगाखाली रबरी रिंग घेऊ नका, तिच्या कडेने उलट रक्त अडतं. डायपर ओला झाला की लगेच बदला. गिळायला त्रास नसेल तर जेवणात डाळ, दही, अंडं असू द्या.

कातडी सोलली, फोड आला, जागा काळपट पडली, वास आला किंवा ताप भरला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

एक माझ्या घरातलं सांगते. आई अंथरुणाला खिळली तेव्हा मी रोज तिची पाठ तपासायची. थंडीचे दिवस, पायात लोकरीचे मोजे. आठवड्याने मोजे काढले, तर डाव्या टाचेवर रुपयाएवढा जांभळा डाग. आयुष्यभर नर्स असून मला तो दिसला नव्हता. भरायला तीन महिने लागले. तेव्हा आज सासूबाईंना पुसाल, तेव्हा मोजे काढा, दोन्ही टाचा बघा आणि पोटरीखाली उशी घालून टाचा अधांतरी ठेवा.