लॉकच्या आतला रेफरन्स बाहेर देण्याबद्दल

तुमचं स्ट्रक्चर असं आहे: म्युटेक्सच्या (एका वेळी एकाच थ्रेडला, म्हणजे प्रोग्राममध्ये समांतर चालणाऱ्या एकाच कामाला, आत सोडणारं लॉक) आत हॅशमॅप (किल्लीवरून नोंद शोधायचं टेबल), आणि एक फंक्शन, जे लॉक घेऊन नोंद शोधतं आणि त्या नोंदीचा रेफरन्स, म्हणजे तिचा मेमरीतला पत्ता, परत देतं. त्यावर रस्टचा कंपायलर ई०५१५ ही एरर (फंक्शन संपताच नाहीशा होणाऱ्या गोष्टीचा रेफरन्स परत देता येत नाही) देतो. सी मध्ये हीच रचना बिनबोभाट चालत होती, म्हणून अनसेफ लावून (कंपायलरची तपासणी बाजूला ठेवून) रेफरन्सचा लाइफटाइम, म्हणजे तो किती काळ वैध मानायचा ते, वाढवला तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. कृपा करून तसं करू नका. कंपायलरने खरा बग पकडलाय, आणि तो तुमच्या सी कोडमध्येही आहे.

नेमकं काय घडू शकतं ते बघा. पहिला थ्रेड लॉक घेतो, नोंद शोधतो, फंक्शन संपतं, गार्ड (लॉक घेतल्यावर मिळणारी, जिवंत असेपर्यंत लॉक धरून ठेवणारी व्हॅल्यू) ड्रॉप होतो, म्हणजे नष्ट होतो, आणि लॉक सुटतं. थ्रेडच्या हातात उरतो टेबलमधल्या एका खणाचा पत्ता. तेवढ्यात दुसरा थ्रेड रीतसर लॉक घेऊन नवी नोंद घालतो. टेबलमध्ये जागा नसेल तर मोठं टेबल अलोकेट होतं, जुन्या नोंदी तिकडे हलतात आणि जुनी मेमरी फ्री होते. पहिला थ्रेड अजून तिथूनच वाचतोय! दुसऱ्या थ्रेडने सगळे नियम पाळलेत, तरी प्रोग्राम कोसळू शकतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे न कोसळता चुकीचा डेटा देऊ शकतो. टेस्टमध्ये नोंदी मोजक्या असतील तर ऐन वाचनाच्या वेळी टेबल वाढण्याचा प्रसंग येत नाही, म्हणून टेस्ट पास होतात.

सी मध्ये लॉक आणि डेटा स्ट्रक्चरमध्ये नुसते शेजारी शेजारी असतात. कुठलं लॉक कशाचं रक्षण करतं हे कॉमेंटमध्ये लिहायचं आणि सगळ्यांनी पाळायचं. (सी++ मध्ये क्लँगची गार्डेड-बाय ॲनोटेशन्स वापरली तर निदान वॉर्निंग मिळते. तो कोड चालू ठेवणार असाल तर ती जरूर लावा.) रस्टमध्ये डेटा लॉकच्या पोटातच असतो. शेअर केलेल्या म्युटेक्समधून त्याच्यापर्यंत जायची वाट गार्डमधून जाते, आणि गार्डमधून काढलेला रेफरन्स गार्डपेक्षा जास्त जगू शकत नाही. तुमची एरर एवढंच सांगतेय.

मग करायचं काय? व्हॅल्यू लहान असेल तर सरळ क्लोन करून, म्हणजे प्रत काढून, द्या. मोठी असेल तर मॅपमध्येच ती आर्कमध्ये (किती जण वापरताहेत ते मोजणारा, थ्रेडमध्ये वाटून घेता येणारा पॉइंटर) गुंडाळून ठेवा आणि आर्क क्लोन करून द्या. त्यात फक्त काउंटर वाढतो, डेटा कॉपी होत नाही. बदल करायचा झाला की नवी व्हॅल्यू बनवून जुन्या आर्कच्या जागी ठेवायची. ज्याच्याकडे जुना आर्क आहे तो जुनी प्रत शांतपणे वाचत राहतो. तुम्ही वर्णन केलेल्या वापरात वाचन भरपूर आणि बदल क्वचित आहेत, म्हणून मी हेच निवडेन. तिसरा मार्ग क्लोजरचा: फंक्शनला क्लोजर (नोंदीचं काय करायचं ते सांगणारा कोडचा तुकडा) द्यायचं आणि ते लॉक हातात असतानाच चालवायचं. पार्किंग_लॉट या क्रेटमध्ये (वेगळ्या लायब्ररीत) मॅप केलेला, म्हणजे फक्त त्या नोंदीकडे बोट दाखवणारा, गार्ड परत देण्याची सोयही आहे, पण त्यात लॉक किती वेळ अडकून राहील हे कॉलर ठरवतो. मला ते पटत नाही.

आता उलटी अडचण, कारण तुमच्या दुसऱ्या फंक्शनमध्ये ती दिसतेय. तिथे मॅचच्या (निकालानुसार शाखा निवडणारी रचना) ओळीतच लॉक घेऊन गेट केलंय, म्हणजे नोंद शोधलीय, आणि नोंद नसेल तर त्याच मॅचमधून इन्सर्टचं फंक्शन बोलावलंय, जे पुन्हा तेच लॉक मागतं. मॅचच्या ओळीत तयार झालेला तात्पुरता गार्ड पूर्ण मॅच संपेपर्यंत जिवंत राहतो. स्टँडर्ड लायब्ररीचं म्युटेक्स त्याच थ्रेडला दुसऱ्यांदा मिळत नाही: डेडलॉक होईल (थ्रेड स्वतःचीच वाट बघत कायमचा अडकेल) किंवा पॅनिक (थ्रेड एरर देऊन थांबेल). रस्टच्या २०२४ एडिशनमध्ये (भाषेच्या आवृत्तीत) इफ-लेटचा तात्पुरता गार्ड एल्सच्या आधी सुटतो, मॅचचं वागणं मात्र तेच आहे. रस्ट डेटा रेस (एक थ्रेड लिहीत असताना दुसऱ्याने तीच जागा लॉकविना वाचणं किंवा लिहिणं) रोखतं, डेडलॉक रोखण्याची हमी देत नाही.

यावर सुचणारा उपाय म्हणजे गेटचा निकाल आधी क्लोन करून लेटने व्हेरिएबलमध्ये घ्यायचा. सेमीकोलनला गार्ड सुटतो आणि डेडलॉक जातो. पण मग तपासणी एका लॉकमध्ये आणि इन्सर्ट दुसऱ्या लॉकमध्ये होतं. मधल्या फटीत दुसरा थ्रेड तीच नोंद घालू शकतो आणि तुम्ही त्याची व्हॅल्यू पुसून टाकाल. मेमरीच्या दृष्टीने हे पूर्ण सुरक्षित आहे, म्हणून कंपायलर अवाक्षर काढणार नाही. त्यामुळे तिथे एकदाच लॉक घ्या, गार्ड नाव देऊन व्हेरिएबलमध्ये ठेवा (नुसत्या अंडरस्कोरमध्ये नको, तो तिथल्या तिथे ड्रॉप होतो), आणि हॅशमॅपची एन्ट्री मेथड वापरून 'नसेल तर घाल' हे एकाच दमात करा. व्हॅल्यू बनवायला फाइल वाचावी लागत असेल तर ती लॉकच्या बाहेर आधी वाचून ठेवा. कधीतरी दोन थ्रेड तीच फाइल वाचतील आणि एकाचं काम वाया जाईल, पण डिस्कसाठी बाकीचे थ्रेड अडकून पडणार नाहीत.