‘एकदा जेल दाखवून आणा, सरळ येईल’ : वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

प्रश्न : ताई नमस्कार. मी नाशिकच्या सिडकोत राहते. बहिणीचा मुलगा 16 वर्षांचा, अकरावीला आहे. मित्राच्या वाढदिवसाला चौकात कोयत्याने केक कापला, रील टाकलं आणि दुसऱ्या दिवशी पोलीस दारात. आता बाल न्याय मंडळात तारीख आहे. भाऊजी म्हणतात, ओळख काढून याला एकदा नाशिकरोडचं जेल आतून दाखवून आणू, कैद्यांनी दम भरला की सुतासारखा सरळ येईल. होतो का असा उपयोग? आणि याच्या नोकरीचं काय? सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नावासकट फोटो फिरतोय, बहीण दूध आणायलाही खाली उतरत नाहीये.

उत्तर : ताई, आधी फोटोचं बघा, बाकीचं नंतर. 18 च्या आतल्या मुलावर केस असेल तर त्याची ओळख उघड करणं हाच बाल न्याय कायद्याच्या कलम 74 खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ग्रुपच्या ॲडमिनला एवढं एक वाक्य पाठवा, भांडू नका, फोटो आपोआप डिलीट होईल.

आता भाऊजींची आयडिया. ती त्यांची एकट्याची नाहीये, अमेरिकेत 1970 च्या दशकात न्यू जर्सीच्या राहवे जेलमध्ये अगदी हेच केलेलं, उनाड पोरांना आत न्यायचं आणि जन्मठेपेच्या कैद्यांनी त्यांच्या तोंडावर ओरडून आतलं आयुष्य ऐकवायचं. त्यावर डॉक्युमेंटरी निघाली, तिला ऑस्कर मिळालं, गावोगावी तसले कार्यक्रम सुरू झाले. मग संशोधकांनी असे नऊ प्रयोग एकत्र तपासले, ज्यात काही पोरांना जेल दाखवलं होतं आणि तसल्याच काहींना दाखवलं नव्हतं. तर जेल बघून आलेल्या पोरांनी पुढे जास्त गुन्हे केले. म्हणजे काहीच केलं नसतं तर बरं झालं असतं! का, यावर वाद आहेत, पण मी परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर, अशा पोरांच्या घरची चौकशी करून त्यांच्यावर लक्ष ठेवणारे) म्हणून जी पोरं बघितली त्यावरून मला नवल वाटलं नाही. एक पोरगा निरीक्षणगृहातून, म्हणजे केस चालू असताना अशा पोरांना ठेवतात तिथून, सुटला त्या दिवशी बाकावर बसून चपलेचा अंगठा दोऱ्याने बांधत होता, मी विचारलं काय शिकलास रे आत, तर मान वर न करता म्हणाला, मॅडम, आता पंचवटीतले तिघं ओळखीचे झाले. घाबरवायला पाठवलेला पोरगा ओळखी घेऊन आला. पोलीस अशा पोरांची रस्त्यावरून धिंड काढतात, त्याचंही मला तसंच वाटतं, लोकांना ते व्हिडिओ बघून बरं वाटतं हे कळतं मला, पण रील करणाऱ्या पोराच्या हिशोबात ती आणखी एक रीलच असते.

दुसरी गोष्ट, तुमचा भाचा ‘गुंड झाला’ असं घरात कुणी म्हणू नका. अमेरिकेत फिलाडेल्फियात गुन्हेशास्त्राचे अभ्यासक मार्विन वुल्फगँग यांनी 1945 साली जन्मलेल्या 9,945 मुलांचे पोलीस रेकॉर्ड 18 व्या वर्षापर्यंत बघितले. साधारण तिघांतल्या एकाचं नाव कधी ना कधी पोलिसांकडे गेलेलं, पण त्यातले जवळपास निम्मे एकदाच, पुन्हा नाहीच. उलट 627 मुलं, म्हणजे सगळ्यांतले जेमतेम सहा टक्के, त्यांच्या नावावर निम्म्याहून जास्त गुन्हे होते. त्यामुळे केक कापणाऱ्या प्रत्येकाला त्या सहा टक्क्यांत बसवायची घाई करू नये. मानसशास्त्रज्ञ टेरी मॉफिट यांनी 1993 मध्ये हेच वेगळ्या बाजूने मांडलं, की बहुतेकांचं हे वयापुरतं असतं आणि थोड्यांचं लहानपणापासून सुरू होऊन पुढे चालत राहतं. भाचा आठ-नऊ वर्षांचा असल्यापासून मारामाऱ्या, चोऱ्या, शाळेतून पळणं असं होतं का? नसेल तर जीव थोडा भांड्यात पडू द्या. याचा अर्थ सोडून द्या असा नाही हं, कोयता दुकानातून आपोआप हातात येत नाही, तो कुणी दिला, चौकात मोठा कोण उभा होता, हे त्याच्याकडून शांतपणे काढून घ्या, कारण मला भीती केकची नाही, त्या मोठ्या ‘भाई’ची आहे.

नोकरीचं : मंडळाने बाल म्हणूनच केस चालवली तर कलम 24 प्रमाणे पुढे त्याच्यावर अपात्रतेचा शिक्का बसत नाही. 16 पूर्ण झालेल्या मुलाला मोठ्यांसारखं चालवायचा विचार होतो तो निर्घृण गुन्ह्यात, ज्याला किमान सात वर्षं शिक्षा आहे. नुसता कोयता दाखवणं त्यात येत नाही. तारखेला आई-बाप दोघंही जा, आणि परिविक्षा अधिकारी घरची माहिती विचारायला आले की चहा-पोह्यांचा घाट घालण्यापेक्षा खरं सांगा, सामाजिक तपासाचा तो अहवाल मंडळ नीट वाचतं.

प्रश्न : गंगापूर रोडला पहाटे फिरायला जातो. आमच्या ग्रुपमधल्या दोघींची मंगळसूत्रं बाईकवाल्यांनी खेचली, तीही एकाच वळणावर. अशांना दहा-दहा वर्षं टाकलं पाहिजे. बरोबर ना?

उत्तर : काका, राग बरोबर, औषध चुकीचं. भारतीय न्याय संहितेत खेचाखेचीला आता वेगळं कलम आहे, 304, तीन वर्षांपर्यंत शिक्षा. ती तीनाची दहा केली तरी बाईकवरचा पोरगा कलम वाचून निघत नाही, तो एवढंच बघतो की इथे कुणी पकडेल का. गुन्हेशास्त्राचे अमेरिकन अभ्यासक डॅनियल नेगिन यांचं आयुष्य या प्रश्नात गेलं आणि निष्कर्ष हाच, शिक्षा किती मोठी यापेक्षा सापडण्याची खात्री किती, यावर धाक ठरतो. इटलीचे विचारवंत बेकारिया यांनी 1764 मध्येच लिहून ठेवलेलं, पण आपल्याकडे अजून प्रत्येक घटनेनंतर ‘कडक कायदा करा’ सुरू होतं.

तुमच्या पत्रातला खरा मुद्दा ‘एकाच वळणावर’ हा आहे. अमेरिकेतल्या मिनियापोलिसमध्ये लॉरेन्स शर्मन आणि सहकाऱ्यांनी पोलिसांना आलेले फोन मोजले तर 3.3 टक्के ठिकाणांवरून निम्म्याहून जास्त फोन आलेले. तिथल्याच दुसऱ्या अभ्यासात दिसलं की गाडी दिवसभर उभी ठेवायची गरज नाही, अशा जागी पोलीस दहा-पंधरा मिनिटं थांबून गेले की ते गेल्यावरही बराच वेळ शांतता टिकते. लोक म्हणतात चोर पुढच्या गल्लीत जाईल, पण बहुतेक अभ्यासांत तसं दिसत नाही, कधीकधी तर शेजारच्या गल्लीलाही फायदा होतो. तेव्हा दोन्ही घटनांची तारीख, वेळ, नेमका खांब किंवा झाड, बाईक कुठून आली कुठे गेली, हे एका कागदावर लिहून पोलीस ठाण्यात द्या आणि त्या जागी त्या वेळेला गस्त मागा. ‘परिसरात गस्त वाढवावी’ असलं निवेदन देऊ नका, त्याचं काही होत नाही.

प्रश्न : सातपूरला माझं छोटं वर्कशॉप आहे. एक जण कामाला आलाय, हात चांगला आहे, पण त्याने स्वतःच सांगितलं की विशीत लूटमारीत आत होतो, सुटून आठ वर्षं झाली, नंतर काही नाही. बायको म्हणते नको. ठेवू का? आणि बाकी कामगारांना हे सांगू का?

उत्तर : ठेवा. नुसतं मन मोठं करा म्हणून सांगत नाहीये. ब्लुमस्टीन आणि नाकामुरा या संशोधकांनी 2009 मध्ये न्यूयॉर्कच्या रेकॉर्डवरून हिशोब केला, 18 व्या वर्षी लूटमारीत पहिल्यांदा पकडलेला माणूस पुढे स्वच्छ राहिला तर साधारण पावणेआठ वर्षांनी त्याच्या पुन्हा पकडलं जाण्याची शक्यता त्याच वयाच्या बाकी लोकांइतकीच उरते. तिथला आकडा इथे जसाच्या तसा लागेल असं नाही, पण आठ वर्षं म्हणजे थोडीथोडकी नव्हेत. बोस्टनच्या 500 गुन्हे केलेल्या मुलांचा सत्तरीपर्यंत माग काढणाऱ्या सॅम्पसन आणि लॉब यांनाही सापडलं ते साधंच होतं, टिकलेली नोकरी आणि जमलेला संसार यांनी कित्येकांची वाट बदलली. आपल्या नाशिकरोडच्या जेलमध्ये कैदी फर्निचर करतात, गणपती करतात, आपण रांग लावून ते घेतो आणि तेच हात बाहेर आले की गेटवरून परत पाठवतो, हे मला कधी कळलं नाही.

वहिनींची काळजी खोटी नाही. गल्ल्याची चावी पहिल्या महिन्यात कुठल्याच नव्या माणसाला देत नाही ना तुम्ही, मग यालाही देऊ नका, आणि पगार मात्र बाकीच्यांइतकाच द्या. बाकी कामगारांना सांगू का असं विचारलंय, ते त्यालाच विचारा.