इन्व्हिडिअस (यूट्यूबचे व्हिडिओ खात्याशिवाय दाखवणारी पर्यायी साइट) बंद पडलंय आणि व्हीपीएन लावूनही यूट्यूब ‘तुम्ही बॉट नाही हे सिद्ध करा’ म्हणतं. आता व्हिडिओ बघायचे कसे?

आधी तो व्हीपीएन, म्हणजे तुमचं नेट दुसऱ्या सर्व्हरमार्गे फिरवणारी सेवा, बंद करा. निम्मा त्रास तिथेच आहे.

तुम्ही लिहिलंय की लिनक्स मिंट टाकलेल्या जुन्या लॅपटॉपवर इन्व्हिडिअसच्या कुठल्या ना कुठल्या सर्व्हरवरून बघणं चालायचं, ते सर्व्हर एकेक करून गेले, आणि जे उरलेत त्यांवर व्हिडिओऐवजी साइन-इनचा निरोप येतो. हे का होतं ते कळलं की पुढचं सोपं आहे. इन्व्हिडिअसचा सार्वजनिक सर्व्हर एखाद्या डेटा सेंटरमध्ये असतो आणि शेकडो लोकांसाठी एकाच इंटरनेट पत्त्यावरून यूट्यूबकडे व्हिडिओ मागत बसतो. एकाच माणसाने अख्ख्या गावाची रेशनकार्डं घेऊन रांगेत उभं राहिलं तर दुकानदाराच्या डोळ्यांवर येणारच. जून 2023 मध्ये यूट्यूबने इन्व्हिडिअसवाल्यांना सेवा बंद करा असं कायदेशीर पत्र धाडलं होतं. आम्ही तुमची एपीआय (बाहेरच्या प्रोग्रॅमांसाठीचा यूट्यूबचा अधिकृत दरवाजा) वापरतच नाही, मग तिच्या अटी आम्हाला लागू कशा, असं म्हणत त्यांनी काम चालू ठेवलं. पत्राने जे झालं नाही ते 2024 मध्ये पत्ते अडवून झालं. व्हीपीएनचे सर्व्हरही बहुतेक अशाच डेटा सेंटरांत असतात, त्यामुळे तो लावून तुम्ही स्वतःहून संशयितांच्या रांगेत जाता.

म्हणजे मधला सर्व्हर काढायचा आणि तेच काम आपल्या घरच्या कनेक्शनवरून करायचं.

लॅपटॉपवर यासाठी फ्रीट्यूब हा प्रोग्रॅम आहे. सेटिंगमध्ये माहिती कुठून आणायची हे विचारतं, तिथे इन्व्हिडिअस नको, ‘लोकल’ निवडा. गूगल खातं लागत नाही, सबस्क्रिप्शनची यादी तुमच्याच मशीनवर राहते, जुनी यादी आयातही करता येते.

पण लॅपटॉप खरंच जुना असेल तर माझं मत वायटी-डीएलपी आणि एमपीव्ही या जोडीला. पहिला व्हिडिओचा खरा दुवा शोधून काढतो, दुसरा तो चालवतो. ब्राउझर मधे नसल्याने रॅम वाचते. खरा फायदा मात्र फॉरमॅट आपल्या हातात येतो हा. यूट्यूब हल्ली व्हीपी 9 किंवा एव्ही 1 या नव्या फॉरमॅटमधला व्हिडिओ पुढे करतं. जुन्या ग्राफिक्स चिपला ते उलगडता येत नाहीत, सगळा भार प्रोसेसरवर पडतो, पंखा कोकलायला लागतो आणि चित्र अडखळतं. लोक नेटला शिव्या देतात, नेट बिचारं ठीक असतं. एमपीव्हीच्या कॉन्फिग फाइलमध्ये एच.264 हा जुना फॉरमॅट आणि चित्राला 480 ची मर्यादा एकदा लिहून ठेवा, त्याच लॅपटॉपवर व्हिडिओ लोण्यासारखा चालेल.

इथे एक खड्डा आहे. मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमधून वायटी-डीएलपी घेऊ नका. तिथली आवृत्ती कित्येक महिने मागे असते आणि यूट्यूब आपल्या प्लेअरचा कोड सारखा बदलत असतं. त्या कोडमध्ये एक कोडं असतं, ते न सोडवता व्हिडिओ मागितला तर वेग मुद्दाम पाडला जातो किंवा सरळ नकार मिळतो. गिटहब या साइटवरच्या वायटी-डीएलपीच्या पानावरून एकच फाइल उतरवा, ती स्वतःला अद्ययावत करू शकते. 2025 च्या अखेरपासून हे कोडं सोडवायला डेनोसारखा जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅमही सोबत लागतो. तो नसेल तर काही फॉरमॅट गायब दिसतात आणि माणूस उगाच डोकं खाजवत बसतो.

अँड्रॉइड फोनवर हेच काम न्यूपाईप हे ॲप करतं. ते प्ले स्टोअरवर नाही आणि कधी नव्हतं, त्यामुळे तिथे त्या नावाचं काही दिसलं तर हात लावू नका. एफ-ड्रॉइड या मुक्त ॲपच्या दुकानात न्यूपाईपची स्वतःची रिपॉझिटरी (ॲपचा साठा) जोडली तर दुरुस्त्या लवकर मिळतात. यूट्यूबने काही बदललं की ते एखाद-दोन दिवस बंद पडतं, मग सुधारित आवृत्ती येते. एवढं गृहीत धरूनच वापरायचं. व्हॅन्स्ड हे यूट्यूबचं जाहिरातमुक्त बदललेलं ॲप मात्र विसरा. गूगलच्या कायदेशीर दबावामुळे मार्च 2022 मध्ये त्याच्या कर्त्यांनीच ते बंद केलं आणि आता त्या नावाने फिरणाऱ्या फाइलींमध्ये काय भरलंय देव जाणे.

नवीन काय आलं एवढंच कळायला हवं असेल तर प्रत्येक चॅनेलची आरएसएस फीड (नव्या व्हिडिओंची आपोआप अद्ययावत होणारी यादी) यूट्यूब अजूनही देतं. ताजे पंधरा व्हिडिओ दिसतात, खातं लागत नाही.

आता कटू भाग. हे सगळं यूट्यूबच्या अटींत बसत नाही. शिवाय अशा मार्गाने जाहिरातीविना बघितलेल्या व्हिडिओचे पैसे चॅनेलवाल्याला मिळत नाहीत. मोठ्या कंपनीला फरक पडत नाही हे खरं, पण घरच्या घरी पाककृती किंवा शेतीचे व्हिडिओ करणाऱ्या मराठी माणसाला पडतो. ज्यांचं नियमित बघता त्यांना थेट मदत करता आली तर करा. प्रीमियम परवडत असेल तर तोही सरळ मार्ग आहे, 2024 च्या दरवाढीनंतर एका माणसाला महिना 149 रुपये.

आणि प्रत्येक गोष्टीसाठी यूट्यूब लागतंच असंही नाही. अभ्यासाची व्याख्यानं स्वयंप्रभा या सरकारी शैक्षणिक वाहिन्यांवर असतात, डीडी फ्री डिशवर त्या फुकट दिसतात. प्रसार भारतीचं वेव्हज हे ॲप नोव्हेंबर 2024 मध्ये गोव्याच्या इफ्फी या चित्रपट महोत्सवात सुरू झालं, त्यात दूरदर्शनचं जुनं बरंच आहे. पीअरट्यूब या मुक्त व्हिडिओ जाळ्यावर मराठी जवळजवळ शून्य, पण लिनक्सबद्दलचं पुष्कळ मिळेल.

घरच्या कनेक्शनवरूनही बॉटचा निरोप आलाच तर राउटर बंद करून पुन्हा चालू करा, बऱ्याचदा पत्ता बदलतो. ब्राउझरच्या कुकीज (लॉग-इनची ओळख ठेवणाऱ्या छोट्या नोंदी) वायटी-डीएलपीला द्या असा सल्ला तुम्हाला जागोजागी दिसेल. त्याने काम होतं, पण ज्या खात्याच्या कुकीज दिल्या ते खातं अडवलं जाण्याचा धोका असतो. ज्या खात्यावर तुमची मेल आणि फोटो आहेत त्याच्या कुकीज चुकूनही देऊ नका.