चालू मालिकेवर लिहिताना

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

चालू सुपरहिरो कॉमिक मालिकेवरचे तुझे परीक्षण लक्षपूर्वक वाचले. गेल्या वर्षभरातील काही अंक रंगतात आणि काही अगदीच फिके पडतात, हे तुझे निरीक्षण मला मान्य आहे. मात्र प्रत्येक अंकाला वेगवेगळे गुण देऊन तू थांबला आहेस, आणि चालू सुपरहिरो मालिकेच्या बाबतीत तेवढ्याने भागत नाही. कादंबरी पूर्ण झाल्यावर वाचकाच्या हाती येते. ही मालिका मात्र शेवट ठरलेला नसतानाच छापली जाते, दर महिन्याला सुमारे वीस-बावीस पाने वेळेवर द्यावी लागतात, आणि लेखक, पेन्सिलने चित्रे काढणारा, त्यांवर शाई चढवणारा, रंग भरणारा, अक्षरे लिहिणारा असे अनेक हात त्या पानांवरून फिरलेले असतात. त्यामुळे चढउतार येणारच. ते कोणत्या प्रकारचे आहेत हे समीक्षकाने ओळखायचे असते.

काही चढउतार केवळ माणसे बदलल्यामुळे येतात. ‘द अमेझिंग स्पायडरमॅन’ या मालिकेतून चित्रकार स्टीव्ह डिटको १९६६ मध्ये ३८व्या अंकानंतर बाहेर पडले आणि पुढच्याच अंकापासून जॉन रोमिटा आले. डिटको यांचा पीटर पार्कर, म्हणजे मुखवट्यामागचा स्पायडरमॅन, अवघडलेला आणि काहीसा एकटा होता. रोमिटा यांच्या हातून तो देखणा झाला, मित्रमंडळींत रमू लागला. हा बदल आहे, ऱ्हास नव्हे, आणि ज्याला डिटको अधिक प्रिय आहेत त्यानेही हा फरक मान्य करून मगच तक्रार करावी. म्हणून परीक्षण लिहिण्यापूर्वी प्रत्येक अंकाची श्रेयनामावली वाचत जा. नेहमीचा चमू वेळेत काम पुरे करू शकला नाही म्हणून कुणीतरी मधला एक अंक सांभाळून नेला असेल, तर त्याचा दोष संपूर्ण कथानकाच्या माथी मारू नये.

गतीचेही तसेच. स्पायडरमॅनची जन्मकथा १९६२ मध्ये ११ पानांत सांगून झाली होती. ‘अल्टिमेट स्पायडरमॅन’ने २००० साली तीच कथा नव्याने मांडताना पहिल्या कथानकाला सात अंक दिले. आज बऱ्याच मालिका पाच-सहा अंकांचा मिळून एक खंड होईल, या बेताने लिहिल्या जातात, त्यामुळे मधला एखादा अंक सुटा वाचला की रिकामा वाटतो. असे कथानक पूर्ण झाल्यावर सलग वाचून पाहा आणि मगच मत बनव.

या सगळ्याबद्दल मी उदार राहीन. जिथे मी उदार राहणार नाही, आणि तूही राहू नयेस असे मला मनापासून वाटते, ती गोष्ट म्हणजे घडलेल्या घटनेचे परिणाम पुसून टाकणे.

यासाठी ‘एक्स-मेन’ या सुपरहिरो चमूच्या मालिकेकडे पाहा. १९८० मध्ये लेखक क्रिस क्लेअरमॉन्ट आणि चित्रकार जॉन बर्न यांनी त्या चमूतल्या जीन ग्रेच्या हातून एक तारा गिळला जाताना दाखवला, आणि त्या ताऱ्याभोवतीच्या ग्रहावरील अब्जावधी जीव त्यात मेले. मूळ योजनेप्रमाणे तिची शक्ती काढून घेऊन तिला जिवंत ठेवायचे होते. प्रमुख संपादक जिम शूटर यांनी एवढ्या संहारानंतर तेवढी शिक्षा पुरेशी नाही असा आग्रह धरला, शेवट बदलला गेला आणि १३७व्या अंकात जीनने चंद्रावर स्वतःचे प्राण दिले. संपादकाचा हस्तक्षेप म्हणजे नेहमी वाईटच, असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावे, कारण त्या कथेचे सारे वजन याच शेवटात आहे.

पुढे १९८६ मध्ये दुसऱ्या मालिकांतून जीनला परत आणण्यात आले. तो संहार करणारी आणि चंद्रावर मेलेली ती जीन नव्हतीच, तिचे रूप घेतलेली फिनिक्स नावाची शक्ती होती, असा खुलासा करण्यात आला. त्यामुळे अपराधही तिचा राहिला नाही आणि त्यागही. एवढ्यावर नुकसान थांबले नाही. दरम्यान जीनचा प्रियकर आणि चमूतला सहकारी स्कॉट समर्स याने मॅडलिन प्रायरशी लग्न केले होते, त्यांना मूल झाले होते. ‘एक्स-फॅक्टर’ या नव्या मालिकेच्या पहिल्या अंकात जीन जिवंत असल्याचे कळताच तो पत्नी व तान्हे मूल सोडून निघून जातो. वर्षानुवर्षे कर्तव्यदक्ष म्हणून उभा केलेला माणूस नव्या मालिकेच्या सोयीसाठी असा वागला, आणि त्याची किंमत मुख्य मालिकेला चुकवावी लागली: मॅडलिनला पुढे खलनायिका करून १९८९ मध्ये संपवण्यात आले. त्या काळातले कित्येक अंक सुटे वाचले तर उत्तम आहेत, चित्रे देखणी आहेत, संवाद नेटके आहेत. तरीही वाचकाचा विश्वास उडतो, कारण आज जे घडले ते उद्या खरे राहील याची खात्री उरत नाही. अंकागणिक दिलेल्या गुणांत हे नुकसान दिसत नाही.

म्हणून अंक वाचून झाला की या घटनेने कोणाचे काय बदलले, हे एका वहीत लिहून ठेव, आणि पुढच्या अंकांत त्या व्यक्तिरेखेला ते आठवते का, हे तपास. लगेच आठवलेच पाहिजे असे नाही. क्लेअरमॉन्ट एखादा धागा फार काळ तसाच सोडून देत, आणि असा धागा अचानक हाती येतो तेव्हाचा आनंद चालू मालिकेखेरीज दुसरीकडे क्वचितच मिळतो. लेखक वाट पाहतो आहे की विसरला आहे, हे काही काळ तुलाही कळणार नाही. तेव्हा तसे स्पष्ट लिही आणि निर्णय राखून ठेव.

आता तुझ्या मसुद्याविषयी. नायकाच्या गुरूच्या मृत्यूनंतर पुढच्या अंकांत कुणीही त्याचे नाव काढत नाही, असे तू शेवटून दुसऱ्या परिच्छेदात ओझरते लिहिले आहेस. तो परिच्छेद सुरुवातीला घे. त्या अंकांचे लेखन एकाच व्यक्तीचे आहे का, मध्ये एखादी मोठी क्रॉसओव्हर कथा, म्हणजे अनेक मालिकांतून एकत्र चालणारी कथा, येऊन गेली का, हे पाहून घे आणि मौन नेमके कोणत्या अंकापासून सुरू होते ते पानांच्या आधाराने दाखव. गुणांचा तक्ता काढून टाकलास तरी चालेल. नवा मसुदा झाला की मला पाठव. मी तो त्या अंकांसह पुन्हा वाचीन.

तुझा स्नेहांकित