पहिला कॅमेरा, पहिली लेन्स

प्रश्न : मला वन्यजीव छायाचित्रणाला सुरुवात करायची आहे. खर्चाला मर्यादा असल्यामुळे कॅमेऱ्यावर अधिक पैसे घालावेत की लेन्सवर?

उत्तर : लेन्सवर, असे मी निःसंकोचपणे सांगेन. कॅमेरे काही वर्षांत जुने होतात, पण चांगली लेन्स पुढच्या कॅमेऱ्यावरही चालते; मात्र त्यासाठी दोन्हींचा माउंट, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जोडण्याची जागा, जुळायला हवा, म्हणून आधी लेन्स ठरवावी आणि मग कॅमेरा.

एपीएस-सी सेन्सरचा, म्हणजे फुल-फ्रेमपेक्षा लहान आकाराची प्रकाश टिपणारी चिप असलेला, कॅमेरा आपल्याला पुरेसा आहे. निकॉन आणि सोनीच्या अशा कॅमेऱ्यांवर ४०० मिमी लेन्समधून जेवढे दृश्य दिसते, तेवढेच फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर दिसण्यासाठी ६०० मिमी लेन्स लागते, आणि दूरच्या पक्ष्यांसाठी हा फरक फार मोलाचा ठरतो. कॅमेरा निवडताना मेगापिक्सेलपेक्षा हलत्या प्राण्यावर फोकस टिकवण्याची क्षमता पाहावी.

लेन्स १००-४०० किंवा १५०-६०० मिमी झूम घ्यावी. दुसरी बरीच जड असते, त्यामुळे दिवसभर पायी फिरणाऱ्याने ती विकत घेण्यापूर्वी भाड्याने आणून पाहावी. या लेन्सचे प्रकाश आत घेणारे छिद्र झूमच्या लांबच्या टोकाला बहुधा एफ/६.३ च्या आसपासच उघडते, म्हणजे प्रकाश कमी येतो. म्हणून पहाटेच्या अंधुक उजेडात शटरचा वेग जास्त ठेवण्यासाठी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाबाबतची संवेदनशीलता दाखवणारा आकडा, वाढवावाच लागतो. तो बिनदिक्कत वाढवा, कारण छायाचित्रातील रवाळपणा नंतर कमी करता येतो, हललेले चित्र मात्र सुधारत नाही. लेन्समधील स्थिरीकरण आपल्या हाताचा कंप शोषते, प्राण्याची हालचाल थांबवत नाही. उडत्या पक्ष्यासाठी शटरचा वेग सेकंदाच्या १/२००० भागाइतका ठेवावा.