अबखाझियासारख्या मान्यता नसलेल्या देशांचे फुटबॉल संघ खेळतात तरी कुठे?

फिफाचं दार त्यांना बंदच असतं. म्हणून 2013 साली 'कोनिफा' नावाची वेगळी संघटना निघाली. तिच्यात फुटून निघालेले प्रदेश तर आहेतच, शिवाय उत्तर युरोपातले सामी, पश्चिम आशियातले कुर्द असे स्वतःचा देश नसलेले समाजही आहेत.

2016 चा कोनिफा विश्वचषक अबखाझियानेच सुखुमी आणि गाग्रा या आपल्या शहरांत भरवला. जॉर्जियातून फुटलेला हा काळ्या समुद्राकाठचा तुकडा. रशिया आणि हाताच्या बोटांवर मोजण्याइतके देश सोडले तर त्याला कोणी देश मानत नाही. तिथे रशियाच्या बाजूने शिरणं जॉर्जियाच्या कायद्याने गुन्हा! तरीही बारा संघ होते, त्यात सोमालियातून फुटलेलं सोमालीलँडही. अंतिम सामन्यात समोर कोण, तर पंजाब! म्हणजे आपल्या पंजाबातली पोरं नव्हेत हं, ब्रिटनमध्ये वाढलेले पंजाबी. त्यांनी आघाडी घेतली, ती जवळपास शेवटपर्यंत टिकवली, आणि सामना संपायला दोनेक मिनिटं उरली असताना अबखाझियाने बरोबरी साधली. मग पेनल्टीत 6-5. घरच्या प्रेक्षकांपुढे यजमान जिंकले. पंजाबचा घास अगदी तोंडाशी येऊन गेला.

मोल्दोव्हातून फुटलेल्या ट्रान्सनिस्ट्रियाची तऱ्हा निराळी. तिथला शेरीफ तिरास्पोल क्लब सरळ मोल्दोव्हाच्या लीगमध्ये खेळतो, त्यामुळे युरोपातल्या क्लब स्पर्धांचे दरवाजे उघडे. 2021 मध्ये त्यांनी रियाल माद्रिदला माद्रिदमध्येच 2-1 ने हरवलं.

सर्बियातून फुटलेल्या कोसोव्होला मात्र 2016 मध्ये थेट फिफाचं सदस्यत्व मिळालं, कारण त्याला देश मानणारे बरेच देश होते.